सर्पगरुड आणि शीळकरी कस्तूर : प्रकल्प नोंदी

२ डिसेंबर, कोल्हापूर

विद्यापीठाच्या प्रकल्पात तुलनेसाठी दोन पक्षी ठरले. शिकारी पक्ष्यांतून तुरेवाला सर्पगरुड, जंगलात गाणाऱ्या पक्ष्यांतून शीळकरी कस्तूर. आमच्या मार्गदर्शक मॅडमचा कल घार आणि दयाळ यांच्याकडे होता. दोघे विद्यापीठाच्या आवारात रोज दिसतात, प्रवासाचा वेळ आणि खर्च दोन्ही वाचतात. पण घार माणसाच्या उकिरड्यावर जगायला शिकली आहे आणि दयाळ बागेत रमलेला आहे. मला एकाच दरीत, एकाच झाडीत राहणारे दोघे हवे होते. ऊन, पाऊस, उतार, पाणी सगळं दोघांना सारखं मिळत असेल, तर जगण्यातला फरक त्या पक्ष्यांचा स्वतःचा, असं म्हणता येईल. आपल्या जिल्ह्यात अशी जागा शोधायला लांब जावं लागत नाही. दाजीपूर आहे, गगनबावडा आहे, आंबा घाट आहे. मॅडमना हे पटलं.

ओळखीपुरती मापं वहीत घेतली. सर्पगरुड ५६ ते ७४ सेंटिमीटर, तपकिरी, पोटावर पांढरे ठिपके, डोळा आणि चोच यांच्यामध्ये उघडी पिवळी कातडी, मानेमागे काळा-पांढरा तुरा. तुरा नेहमी उभा नसतो. उडताना पंखांच्या मागच्या कडेचा रुंद पांढरा पट्टा पाहिला की दुसऱ्या कशाची शंका राहत नाही. कस्तूर साधारण २५ सेंटिमीटर, काळा. कपाळ आणि खांदे निळे, पण ती निळाई उजेड पडला तरच दिसते. नर-मादी सारखेच.

९ डिसेंबर, कोल्हापूर

वनखात्याकडे परवानगीचा अर्ज दिला. अर्जात आमच्या बाजूच्या अटी आधीच लिहून टाकल्या: घरट्यापासून लांब राहू, घरट्याची जागा कुठे छापणार किंवा टाकणार नाही, आणि रेकॉर्ड केलेला आवाज वाजवून पक्ष्याला जवळ बोलावणार नाही. शेवटची अट प्रकल्पातल्या माझ्या जोडीदाराला जरा कडक वाटली. माझं मत पक्कं आहे. आपल्या हद्दीत परका नर शिरला असं समजून पक्षी खाणं आणि अंडी सोडून धावत येतो. आपल्याला एक फोटो मिळतो आणि त्याची सकाळ फुकट जाते.

१४ डिसेंबर, दाजीपूर

१९५८ साली गव्यांसाठी राखलेलं हे जंगल म्हणजे महाराष्ट्रातलं पहिलं अभयारण्य. नंतर हद्द वाढली आणि राधानगरी अभयारण्य या नावाखाली आज साडेतीनशे चौरस किलोमीटरचा टापू येतो. २०१२ पासून तो पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाच्या यादीतही आहे. आम्हाला मात्र त्यातला एक ओढा आणि त्याच्या डोक्यावरचा सडा, म्हणजे उघड्या कातळाचं पठार, एवढंच बघायचं होतं.

पहाटे ओढ्यावर जाऊन बसलो. अंधारातच दगडांमधून एक बारीक, तीक्ष्ण, एकसुरी शीळ आली. पाण्याच्या आवाजाला चिरत गेली. हिवाळ्यात कस्तूर पूर्ण गाणं क्वचितच म्हणतो, ही एवढीच हाक देत राहतो. उजाडल्यावर तो दिसला. ओल्या कातळावर टुणटुण उड्या मारत होता, मध्येच शेपटी पंख्यासारखी उघडून मिटत होता, पानं उलटून किडे टिपत होता. ओढ्याची नागमोडी वाट सोडून तो वर मोकळ्यावर आलाच नाही.

गरुडाचा पत्ता नव्हता. आमच्यासोबतचे वाटाडे मामा निवांत होते. म्हणाले, "ऊन तापल्याबिगर गरूड उठत न्हाई बघ, पोरी. तवर च्या घे."

तसंच झालं. साडेनऊच्या पुढे सड्यावरचा काळा जांभा तापायला लागला. उघडा खडक झाडीपेक्षा लवकर तापतो, त्यावरची हवा हलकी होऊन वर चढते आणि आजूबाजूची थंड हवा तिची जागा घ्यायला धावते. त्या चढत्या हवेवर गरुड स्वार झाला. रुंद पंख किंचित वर उचललेले, टोकाची पिसं बोटांसारखी फाकलेली. पंख न हलवता तो चकरा घेत वर गेला आणि मग ओरडला. आधी एक लांब, चढी "क्लीऽऽ", मागून दोन-तीन तुटक सूर. पलीकडच्या डोंगरसोंडेवरून दुसऱ्याने उत्तर दिलं.

तेवढ्यात ओढा गप्प झालेला होता. कस्तुराची वेळ संपली तिथे गरुडाची सुरू झाली. दिवसाच्या घड्याळाचा वेगळा रकाना तक्त्यात पहिल्याच दिवशी घातला.

२१ डिसेंबर, विद्यापीठ ग्रंथालय

आजचा दिवस वंशावळीचा.

शिकारी पक्षी म्हटलं की गरुड, ससाणा, शिक्रा, खरुची (एक छोटा ससाणा), घुबड सगळे एका ओळीत बसवायची आपली सवय आहे. बाकदार चोच, नख्या, मांसाहार, म्हणजे एकच घराणं. शिकागोच्या फील्ड म्युझियममधल्या शॅनन हॅकेट आणि सहकाऱ्यांचा जनुकांवरचा शोधनिबंध २००८ साली आला आणि ही ओळ मोडली. ससाणे आणि खरुची गरुडांच्या जवळचे नाहीत. ते पोपटांच्या आणि गाणाऱ्या पक्ष्यांच्या जवळचे आहेत. २०१४ मध्ये ४८ पक्ष्यांचे पूर्ण जीनोम तपासून झालेल्या मोठ्या कामातही तेच आलं. म्हणजे मसाई पठारावर हवेत जागच्या जागी फडफडणारी खरुची नात्याने दाजीपूरच्या सर्पगरुडापेक्षा ओढ्यातल्या कस्तुराला जवळची आहे! नख्या आणि बाकदार चोच ही धंद्याची हत्यारं. वेगवेगळ्या घराण्यांनी ती आपापली घडवली.

कस्तुराचंही घर बदललं आहे. रूपावरून त्याला पूर्वी कस्तूर-कुळात धरत. जनुकं पाहिल्यावर त्याची रवानगी माशीमारांच्या कुळात झाली. दयाळ त्याच कुळातला.

या दोन गोष्टींमुळे माझी निवड अधिक पक्की झाली. गरुडाऐवजी ससाणा घेतला असता, तर तुलना एकाच मोठ्या वंशाच्या दोन फांद्यांची झाली असती. आता खरोखर दूरचे दोघे समोर आहेत.

११ जानेवारी, पन्हाळा आणि मसाई पठार

खरुची पाहिली. थंडीतली पाहुणी, वाऱ्याकडे तोंड करून डोकं अगदी स्थिर ठेवते. या प्रकल्पात तिचा तक्ता नाही, पण वाचलेलं डोळ्यांनी पाहावं म्हणून गेलो. पठारावरचं गवत वाळून पिवळं पडलं आहे.

१८ जानेवारी, कोल्हापूर

डोळ्यांवर आठवडाभर वाचत होते. गरुडाला माणसाच्या आठपट दिसतं हे वाक्य इतक्या ठिकाणी छापलेलं सापडतं की खरं वाटायला लागतं. प्रत्यक्ष मोजमाप ऑस्ट्रेलियातल्या वेज-टेल्ड गरुडावर झालेलं आहे. बारीक रेघा वेगळ्या ओळखण्याची त्याची ताकद माणसाच्या दुपटीहून थोडी जास्त निघाली. दुप्पट हेही काही कमी नाही. गरुडाचं वजन माणसापुढे नगण्य, पण डोळा माणसाच्या डोळ्याएवढा किंवा त्याहून मोठा असतो. शिवाय आपल्या डोळ्याच्या पडद्यावर सर्वांत तीक्ष्ण दृष्टीचा खळगा एक असतो, गरुडाच्या प्रत्येक डोळ्यात दोन. एक बाजूला दूरवर पाहायला, दुसरा समोर चोचीच्या रोखाने. फांदीवर बसलेला गरुड मान तिरपी करून जमिनीकडे बघतो, तेव्हा तो लांबचं बघणारा खळगा कामाला लावत असतो.

लहान गाणाऱ्या पक्ष्यांची दृष्टी तीक्ष्णपणात याच्या जवळपासही नाही. त्यांची ताकद दुसरीकडे आहे. दिवा वेगाने लुकलुकत असेल तर एका मर्यादेनंतर आपल्याला तो सलग पेटलेला दिसतो. माणसात ही मर्यादा सेकंदाला पन्नास-साठ वेळांच्या आसपास. स्वीडनमध्ये २०१६ साली माशीमारांवर झालेल्या प्रयोगात ती १४० च्या पुढे गेली. आणि माशीमार म्हणजे आपल्या कस्तुराचंच कुळ. गरुड-कुळातल्या हॅरिस हॉकवर पुढे अशीच मोजणी झाली, तेव्हा आकडा ७७ आला. त्याच कामात पेरेग्रीन ससाण्याचा आकडा १२९ आला. उडत्या पक्ष्यावर झेपावणाऱ्याला वेगवान डोळा लागतो, जमिनीवरच्या सापावर उतरणाऱ्याला तेवढा लागत नाही.

सर्पगरुडाच्या आणि शीळकरी कस्तुराच्या स्वतःच्या डोळ्यांचे आकडे म्हणून मी हे लिहिणार नाही. नातेवाइकांचे आकडे म्हणूनच लिहीन. पण दरीत पाहिलेलं त्यांच्याशी जुळतं. गरुडाचं जग लांबचं आणि संथ आहे, कस्तुराचं जवळचं आणि चपळ. पानांच्या फटींतून भर्रकन उडताना प्रत्येक फांदी वेळेत दिसली पाहिजे.

एक जुनं विधान अहवालातून काढलं. उंदरांच्या मुताच्या वाटा अतिनील प्रकाशात चमकतात आणि शिकारी पक्षी त्यावरून माग काढतात, असं पूर्वी मानत. पुढच्या तपासणीत ते टिकलं नाही. गरुडांच्या डोळ्याला अतिनील प्रकाश फारसा दिसत नाही, गाणाऱ्या पक्ष्यांपैकी बहुतेकांना मात्र दिसतो.

९ फेब्रुवारी, दाजीपूर

जोडी काटक्या नेते आहे. घरटं दाट पानांच्या उंच झाडावर, ओढ्याच्या वरच्या अंगाला. आम्ही समोरच्या सोंडेवरून दुर्बिणीतून बघतो. मादी नरापेक्षा मोठी. गाणाऱ्या पक्ष्यांत असा उलटा फरक सहसा दिसत नाही, शिकारी पक्ष्यांत नेहमीचा.

सर्पगरुड एका वेळी एकच अंडं घालतो. कस्तुराची दोन ते चार. गरुडाची सगळी मदार एकाच पिल्लावर, म्हणून या सोंडेवरून पुढे सरकायचं नाही असं दोघांनी ठरवलं.

२२ फेब्रुवारी, दाजीपूर

आजची पहाट वहीत पूर्ण लिहून ठेवावी अशी.

झुंजुमुंजू झालं होतं. दव टपकत होतं, सडा गारठलेला. आणि खालच्या झाडीतून सर्पगरुडाची हाक आली. "क्लीऽऽ", मागून तुटक सूर, अगदी ओळखीची. जोडीदाराने माझ्याकडे पाहिलं. या वेळेला गरुड ओरडत नाही, आणि ओरडला तरी जमिनीपासून इतक्या कमी उंचीवरून नाही. आम्ही रेकॉर्डर चालू ठेवला. हाकेमागून शिक्र्याचा आवाज आला, मग कुठल्या तरी बुलबुलाचा, मग धातूवर टिचकी मारल्यासारखा एक स्वतःचा सूर. फांदीवर काळा पक्षी, शेपटीच्या दोन लांब तारांच्या टोकाला पिसांचे झुपके. पल्लवपुच्छ कोतवाल.

कोतवाल दुसऱ्यांचे आवाज उचलतो हे ठाऊक होतं. श्रीलंकेच्या सिंहराजा अरण्यात त्यावर चांगलं काम झालं आहे. तो शिकारी पक्ष्यांचे आवाज उगाच काढत नाही, धोक्याच्या वेळी जास्त काढतो. मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. कोतवाल हाही गाणाऱ्या पक्ष्यांच्या मोठ्या गटातलाच. तो गरुडाचा आवाज हुबेहूब काढू शकतो. गरुडाला कोतवालाचा एक सूरही काढता येणार नाही. ताकदीच्या तक्त्यात गरुड सगळीकडे वर असेल, पण या एका रकान्यात तो रिकामा आहे.

घरी येऊन दोन्ही हाकांची ध्वनिचित्रं, म्हणजे सुरांची उंची आणि वेळ दाखवणारे आलेख, शेजारी लावली. कोतवालाच्या नकलेतला लांब सूर मूळ सुरापेक्षा जरा आखूड, चढ मात्र तोच.

१५ मार्च, दाजीपूर

शिकार पाहिली.

ऐनाची पानं झडली आहेत. सड्याच्या कडेला अशाच एका उघड्या फांदीवर गरुड कितीतरी वेळ बसून होता. हे आता वारंवार दिसतं: चकरा मारताना तो शिकार करत नाही. आभाळातलं ते फिरणं आणि ओरडणं हद्दीसाठी आणि जोडीदारासाठी आहे, पोट भरायचं काम फांदीवर गप्प बसून. कस्तूर गातो त्याच कारणासाठी गरुड ओरडतो. म्हणून अहवालात "गाणं" आणि "ओरडणं" असे दोन विभाग न करता "हद्द सांगणं" असा एकच विभाग करायचा आहे.

मग तो पंख अर्धे मिटून उतरला. पंजात हातभर लांबीचा तपकिरी साप. गरुडाने पंख पसरून अंग मागे ठेवलं आणि सापाच्या डोक्याकडून चोच चालवली. सर्पगरुडाला विष बाधत नाही असं लोक सांगतात. त्याचं खरं संरक्षण पायांवर आहे. पायांवर पिसं नाहीत, जाड खरखरीत खवले आहेत आणि बोटं आखूड, दणकट. याच जंगलातल्या मोरघारीचे पाय बोटांपर्यंत पिसांनी झाकलेले असतात, कारण ती पक्षी आणि लहान प्राणी मारते. बाकी सगळी भिस्त चपळाईवर. साप डोक्याकडून गिळला. शेपटाचं टोक चोचीतून लोंबत असतानाच तो घरट्याच्या दिशेने उडाला.

मामा म्हणाले, "गरूड हाय म्हणून साप माजत न्हाईत." हे वाक्य जसंच्या तसं वहीत घेतलं.

आणि कस्तूर? त्याच दिवशी ओढ्यात त्याने एक छोटा खेकडा पकडला, दगडावर आपटून पाय मोडले आणि खाल्ला. बेडकाची पिल्लं, गांडुळं, गोगलगाई, किडे, शिवाय फळं असं त्याचं खाणं. खेकड्याच्या बाजूने पाहिलं तर शिकारी तोच.

५ एप्रिल, कोल्हापूर

प्रयोगशाळेत आवाजाच्या अवयवाचं काम. माणसाचा कंठ श्वासनळीच्या वरच्या टोकाला असतो. पक्ष्यांचा सिरिंक्स खाली, नळी दोन फुप्फुसांकडे फुटते त्या नाक्यावर. दोन्ही फाट्यांवर पातळ पडदे. गाणाऱ्या पक्ष्यांत ते ताणायला-सैल करायला स्नायूंच्या अनेक जोड्या असतात आणि डावी-उजवी बाजू स्वतंत्रपणे चालते. एका बाजूने एक सूर धरून दुसऱ्या बाजूने वेगळा काढणं त्यांना जमतं. कॅनरी पक्ष्यावरच्या कामात दिसलं आहे की तो दोन सुरांच्या मधल्या फटीत इवलासा श्वास घेतो, म्हणून लांबलचक तान मध्ये तुटत नाही. गरुडात हे स्नायू मोजकेच. भाता मोठा, पण चाव्या थोड्या.

अवयवापेक्षा मोठा फरक मेंदूत आहे. १९५० च्या दशकात केंब्रिजच्या विल्यम थॉर्प यांनी चाफिंच पक्ष्याची पिल्लं मोठ्यांचा आवाज कानी पडू न देता वाढवली. ती मोठी होऊन गायली, पण गाणं ओबडधोबड, जातीच्या गाण्याचा सांगाडा तेवढा उरलेला. गाणाऱ्या पक्ष्याला गाणं ऐकून शिकावं लागतं. आधी पुटपुटणं, मग चुकतमाकत गाणं, मग पक्कं गाणं. आवाज शिकण्याची ही देणगी पक्ष्यांच्या तीनच गटांत पक्की ठाऊक आहे: गाणारे पक्षी, पोपट आणि हमिंगबर्ड. गरुड जन्मतःच आपला आवाज घेऊन येतो. त्याला गुरू लागत नाही.

याच गुणापायी शीळकरी कस्तूर पूर्वी पिंजऱ्यात पडला. ऐकवलेली चाल तो उचलतो म्हणून लोक त्याला पाळत. आज कायद्याने बंदी आहे आणि ती हवीच. ओढ्याच्या वळणावर वडिलांकडून शिकायचं गाणं पिंजऱ्यात कोण शिकवणार?

२४ मे, दाजीपूर

घरटं रिकामं. पिल्लू शेजारच्या फांदीवर, डोकं आणि पोट बरंच पांढुरकं, अजून आईबापाच्या जिवावर. हिशोब मांडून पाहिला. अंडं उबवायला साधारण चाळीस दिवस, नंतर घरट्यात दोन महिने. फेब्रुवारीच्या मध्याला अंडं आलं असेल तर मेअखेरीला पिल्लू बाहेर. म्हणजे घरट्याचा सगळा काळ कोरडा गेला. साप-सरडे उन्हात उघड्यावर येतात तो काळ, झाडं निष्पर्ण असतात तो काळ, आईबापाला तापल्या हवेवर फिरता येतं तो काळ. आणि पिल्लाला स्वतः शिकार शिकायची वेळ येईल तेव्हा पाऊस लागून बेडकांचा सुकाळ झालेला असेल. कारणांबद्दलचा हा माझा तर्क आहे आणि अहवालात तो तर्क म्हणूनच जाईल. पण वेळा मोजलेल्या आहेत.

संध्याकाळी वळिवाची एक सर येऊन गेली. सर थांबताच ओढ्यातून कस्तूर गायला लागला, या मोसमातलं पहिलं पूर्ण गाणं. कुणी माणूस रिकाम्या वाटेने मनाशीच शीळ घालत निघावा, चाल आठवावी, विसरावी, भलत्याच सुरावर जाऊन थांबावं, तसं ते गाणं. त्यात ठेका नाही, घाई नाही. मी कितीही वेळा ऐकलं तरी पुढचा सूर कुठे जाईल ते मला सांगता येत नाही, आणि म्हणूनच मला ते सर्वांत आवडतं.

१४ जून, गगनबावडा

अभयारण्य पावसाळ्यासाठी बंद झालं, म्हणून मुक्काम इकडे हलवला. कोल्हापूर शहरात वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पश्चिमेला पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर असलेल्या गगनबावड्यात तो पाच हजाराच्या पुढे जातो. करूळ घाटाच्या तोंडाशी उभं राहिलं तर धुक्यात पुढचं वळण दिसत नव्हतं.

दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. पहाटे कस्तूर इतका गातो की एकाचं संपायच्या आत पुढच्या ओहोळावरचा दुसरा सुरू होतो. ध्वनिचित्रावर धबधब्याचा आवाज खालच्या अंगाला सलग काळा पट्टा होऊन पडला आहे. कस्तुराच्या शिळेची शुद्ध, बारीक रेघ त्या पट्ट्यातून डोकं वर काढून जाते. गुरगुरणारा, घोगरा आवाज या पाण्यात बुडाला असता. घरटं धबधब्याशेजारच्या कपारीत, शेवाळ, मुळं आणि गवत यांचं. अंडी १६-१७ दिवसांत फुटतात आणि नर-मादी दोघेही उबवतात. गरुडाचा कोरड्यातला संसार संपला आणि याचा ओल्यातला सुरू झाला. एका वर्षाचे दोघांनी दोन भाग वाटून घेतले आहेत, आणि मधली रेघ मृगाचा पाऊस ओढतो.

दुपारी तासभर उघडीप होती. सर्पगरुड दरीकाठच्या झाडावर पंख अर्धवट पसरून वाळवत बसला होता. नंतर उठून कस्तुराच्या कपारीवरून, फार उंचावरून नव्हे, सरळ निघून गेला. कस्तूर गातच राहिला. थोड्या वेळाने शिक्रा आला. आकाराने गरुडाच्या निम्माही नाही. ओहोळावरून सपकन गेला आणि क्षणात सगळं चिडीचूप. झाडीतून कुठून तरी एक बारीक, उंच "सीऽऽ" आली. असे सूर हळू सुरू होतात आणि हळू विरतात, त्यामुळे नेमके कुठून आले ते शोधणं शिकाऱ्याला अवघड जातं. पीटर मार्लर यांनी १९५५ मध्ये हे मांडलं होतं. कस्तूर दगडाच्या आडोशाला गोळा होऊन बसला, आणि शिक्रा गेल्यावरही लगेच गायला नाही.

लहान पक्ष्याला शिकारी पक्ष्याचा मोठेपणा कळत नाही, खाणं कळतं. साप खाणारा कोण आणि पक्षी खाणारा कोण, हे तो पंखांच्या ठेवणीवरून ओळखतो असं दिसलं. ही नोंद एका दिवसाची आहे, म्हणून निष्कर्षात न घालता निरीक्षणात घातली. पण माझ्या दृष्टीने या प्रकल्पातलं सर्वांत मोलाचं पान हेच.

२० जुलै, कोल्हापूर

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले आहेत, गगनबावड्याचा रस्ता पाण्याखाली, एसटी बंद. पाणी ४३ फुटांच्या धोका पातळीकडे निघालं तर सगळ्यांना वेगळीच कामं लागतील. घरी बसून रेकॉर्डिंगची यादी पूर्ण करते आहे.

१७ ऑगस्ट, गगनबावडा

रस्ता सुटला. भाताच्या खाचरांच्या बांधावर, विजेच्या खांबावर सर्पगरुडाचं यंदाचं पिल्लू बसलेलं. दाजीपूरचं ते नव्हे, इथलंच. पांढुरकं डोकं, भिजून चिकटलेलं. खाली उतरून त्याने बेडूक उचलला, गिळला, परत खांबावर. नंतर ओरडलं. सूर जरा पातळ, पण घडण आईबापाचीच. कुणी शिकवलेलं नाही.

कपारीच्या खालच्या बाजूला, करवंदीच्या जाळीत, दुसराच आवाज होता. अगदी हळू, तोंडातल्या तोंडात. अर्धा सूर, थांबा, घसरलेला सूर, पुन्हा पहिल्यापासून. यंदाचं कस्तुराचं पोर गाण्याची पुटपुट करत होतं. वरच्या दगडावरून मोठा कस्तूर पूर्ण गात होता आणि तो थांबला की जाळीतली पुटपुट सुरू होई. वाचलेल्या त्या तीन पायऱ्यांमधली पहिली पायरी रेकॉर्डरमध्ये आली.

मॅडमना संध्याकाळी फोनवर ऐकवलं. त्या म्हणाल्या, अहवाल ठरल्या तारखेला दे, पण हे वळण सोडू नकोस. पुढच्या जूनपर्यंत दर महिन्याला इथेच, याच दगडांवर रेकॉर्डर लावायचा आणि त्या पोराचं गाणं कसं पक्कं होतं ते पाहायचं, असं ठरलं. रेकॉर्डरच्या बॅटरीसाठी पावसात टिकेल असा डबा जोडीदार तयार करतो आहे. वनखात्याकडे वाढीव परवानगीचा अर्ज सोमवारी जाईल.